मोगलाईतील क्लोरोफॉर्मचा वाद

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीत मोगलाईत होता. प्रसूतिवेदना शमविणाऱ्या क्लोरोफॉर्मविषयी जगभर गाजलेला एक वाद त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस झडला, हे आमच्या थोड्याच वाचकांस ठाऊक असेल.

एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी 1847 साली बाळंतिणीस आधी ईथर व नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म हुंगविले. वेदना सोसणे हीच ईश्वरी आज्ञा, असे म्हणणारे तेथेही निघालेच! 1853 साली खुद्द राणी व्हिक्टोरियाने ते घेतले, तेव्हा आक्षेप बराच निवळला. परंतु या औषधाखाली कधी कधी माणसे अकस्मात दगावत. अशा वेळी आधी काय थांबते, श्वास की हृदय?

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी श्वासाच्या पक्षाचे. 1888 व 1889 साली त्यांच्या पुढाकाराने दोन कमिशने बसली. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो मुक्या जनावरांचा बळी देऊन निर्णय झाला की, श्वासावर नजर ठेवा, नाडीची काळजी नको. मोठ्या मात्रेत श्वास आधी बंद पडतो, हे खरेच. पण 1911 साली लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले की, अर्धवट गुंगीतही हृदय एकाएकी थरथरून थांबू शकते. श्वासावर नजर ठेवण्याचा लॉरींचा नियम उपकारक ठरला. नाडीविषयीचा निष्काळजीपणा मात्र घातक होता, असे आम्हांस वाटते.

वेणा लाटांप्रमाणे येतात व ओसरतात. औषधही तसेच हवे. क्लोरोफॉर्म रक्तात पुष्कळ विरघळते, म्हणून रेंगाळते. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हास्यवायू, फारच थोडा विरघळतो. म्हणून मेंदूत त्याचा प्रभाव झटकन चढतो व झटकन उतरतो. तेथे तो शरीराचीच अफूसारखी द्रव्ये मोकळी करवितो व कण्यातून वर जाणारा वेदनेचा निरोप मंदावतो. गर्भाशयाचे आकुंचन चालूच राहते. कळेची धार तेवढी बोथटते. परिणामास सुमारे पाऊण मिनिट लागते, म्हणून कळेची चाहूल लागताच श्वास घ्यावा लागतो. वारेतून तो बाळापर्यंत पोचतो खरा, पण बाळाच्या पहिल्या श्वासांबरोबर निघूनही जातो.

लिव्हरपूलच्या मिनिट यांनी 1933 साली त्याचे हवेशी मिश्रण देणारे यंत्र काढले. 1961 साली टनस्टॉल यांनी हवेऐवजी निम्मा ऑक्सिजन घातला. मुखवटा बाळंतीण स्वतःच्याच हाती धरते. गुंगी वाढली की हात आपोआप खाली येतो.