तोतया आणि अंगठा

इतिहासांत जे तोतये होऊन गेले त्यांच्या हकीकती वाचतांना आपण बहुधा त्यांच्या धाडसाचें नवल करतों, किंवा त्यांच्या अंताची कींव करून पान उलटतों. आमच्या मतें विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तोतया केवळ स्वतःच्या हिमतीवर उभा राहत नाहीं. दुसऱ्याविषयींची माहिती त्याच्या हातीं लागते आणि ती पारखण्याचें काम ज्यांजकडे सोंपविलेलें असतें ते ढिले पडतात किंवा फितूर होतात, तेव्हां तो उभा राहतो. हल्लीं बँकांतून व सरकारी दप्तरांतून माणसांची माहिती चोरीस जाते, आणि तिच्या जोरावर परका इसम आपल्या नांवानें पैसे उचलतो. या प्रकाराचें मर्म ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें प्रथम सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण पाहावें.

१४ जानेवारी १७६१ रोजीं भाऊसाहेब पानिपतावर पडले. त्यांचें म्हणून जें धड रणांत सांपडलें तें शिरावांचून होतें. तें त्यांचेंच, हें अंगावरील खुणांवरून ठरविलें गेलें. काशीराजानें पुढें १७८० च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तान्तांत त्या खुणा दिल्या आहेत. मुझफ्फरखानाच्या प्रकरणीं पाठीवर झालेल्या कट्यारीच्या जखमेचा वण हा त्यांतलाच एक. वस्तुतः इतका पुरावा पुरेसा होता. परंतु पुण्यास पार्वतीबाईंनीं तो मानला नाहीं, आणि १७८३ मध्यें देह ठेवीपर्यंत त्या सुवासिनीच्या वेषांत राहिल्या. राजवाड्यांतल्या या एका संशयानें बाहेरच्या भामट्यास केवढें दार उघडून दिलें असेल!

हा भामटा म्हणजे सुखनिधान नांवाचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींतच तो प्रगट झाला, चौकशींत खोटा ठरला आणि कैदेंत पडला. शेवटीं त्यास रत्नागिरीस ठेवण्यांत आलें. १७७६ सालीं तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्याला मोकळा केला, आणि ज्याच्यावर पहारा करावयाचा त्याच्याच नांवानें द्वाही फिरविली. पाहतां पाहतां कोंकणांतले किल्ले त्याच्याकडे गेले, फौज जमली, आणि स्वारी बोरघाटापर्यंत येऊन ठेपली. पुढें महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं ती मोडली. तोतया समुद्राकडे पळाला, तो रघूजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास पुन्हां चौकशी झाली व त्याच सालच्या अखेरीस त्यास देहान्त शिक्षा मिळाली.

यांत आमचें लक्ष वेधतें तें हें, कीं तोतयाची सरशी झाली ती कोंकणांत, आणि त्याचा निकाल लागला तो पुण्यांत. कोंकणांतल्या शिबंदीला भाऊसाहेब ठाऊक होते ते नांवानें व कीर्तीनें. पुण्यास नाना फडणिसांसारखीं माणसें होतीं. नाना तर स्वतः पानिपतच्या स्वारींत होते. एकीकडे भाऊंविषयींची माहिती होती, दुसरीकडे भाऊंची ओळख होती. हीं दोन एकच समजलीं गेलीं म्हणून हजारों माणसें त्या निशाणाखालीं गोळा झालीं.

गांवगाड्याला हा भेद चांगला कळत असे. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी. ती निशाणी साऱ्या शिवारास ठाऊक होती, कोणासही काढतां आली असती. तिला किंमत येई ती गोतसभेंत बसलेल्या डोळ्यांमुळें. आमच्या इंदापूर तालुक्याला तर या बाबतींत विशेष मान आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी १८३५ च्या सुमारास प्रथम येथेंच सुरू झाली, आणि शेताला नंबर व नंबरापुढें खातेदाराचें नांव ही रीत येथून साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरली. सणसरच्या माळावर तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, भवानीनगरला कारखान्याचें धुराडें पेटतें, पण येथल्या कुणब्याचें सरकारी अस्तित्व तेव्हांपासून त्या नंबरांत आहे. आज त्याचा सातबारा संगणकावर कोणासही पाहतां येतो: नांव, क्षेत्र, कर्जाचा बोजा, सगळें. २०१७ सालीं संगणकावर चढविलेल्या या उताऱ्यांचें गांवोगांव चावडीवाचन झालें. या उघडेपणांत आम्हांस धोका दिसत नाहीं; उलट चार माणसांनीं ऐकलेली नोंद फिरविणें कठीण जातें.

धोका आहे तो अंगठ्यांत. १८५८ मध्यें बंगालांत जंगीपूरला विल्यम हर्शेल यानें एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तेथून या विद्येचा आरंभ. १८९७ त कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. ज्याला आपण थट्टेनें अंगठेबहाद्दर म्हणतों त्याची सही कोणी उठवूं शकणार नाहीं, अशी तेव्हांपासून समजूत झाली. ती २०१८ सालीं तेलंगणांतील पेद्दपल्ली जिल्ह्यांत ढासळली. जमिनीच्या दस्तांच्या प्रती नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर होत्या. त्यांवरील अंगठे उतरवून एका इसमानें रबराचे ठसे बनविले आणि परक्यांच्या नांवानें मोबाइलचीं सिमकार्डें चालू केलीं. २०२३ त पश्चिम बंगालमध्यें अशाच ठशांनीं लोकांच्या खात्यांतले पैसे गेले. बँकमित्राकडे पैसे काढावयास आधार क्रमांक, बँकेचें नांव आणि अंगठा एवढेंच लागतें, आणि तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या दप्तरांत पडलेल्या असतात. गुप्त शब्द चोरीस गेला तर बदलतां येतो. बोटें दहाच.

आणि पहारेकरीच उलटला तर? पुण्याच्या कॉसमॉस बँकेंत ऑगस्ट २०१८ मध्यें तेंच घडलें. चोरांनीं बँकेच्या यंत्रणेंत आपला खोटा दुवा बसविला. बनावट कार्डांवर जी मागणी येई तिला तो बँकेच्या वतीनें होकार देई. दोन दिवसांत सुमारें ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. रत्नागिरीच्या परांजप्यानें दिला तोच हा होकार. फरक इतकाच कीं हा देणारा मनुष्य नव्हता.

कायदा आतां कोठें रखवालदाराकडे वळला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ त झाला. माहिती बाळगणाऱ्यानें ती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ त निघाले, आणि मुख्य बंधनांस आणखी अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली. आपले ठसे आधारच्या दप्तरांत कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. पण ती वापरावयाची म्हणजे मोबाइल हवा, त्यावर येणारा आंकडा वाचतां यावयास हवा, आणि अंगठ्यावांचून ज्याचें चालत नाहीं त्याला नेमकें हेंच दुसऱ्याकडून करून घ्यावें लागतें.