बायबलचा अर्थनिर्णय (मराठी ख्रिस्ती परंपरा)

बायबल हा सर्व ख्रिस्ती पंथांचा धर्मग्रंथ असला, तरी त्याचा अर्थ कोणी लावायचा आणि तो आचरणात कसा आणायचा, याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत. ग्रंथाची व्याप्तीही सारखी नाही : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. कॅथलिक पंथ परंपरेसह ग्रंथ वाचतो आणि अर्थाचा अंतिम अधिकार चर्चकडे ठेवतो; प्रॉटेस्टंट पंथ ग्रंथालाच अंतिम प्रमाण मानतात.

मराठीभाषकांत हा वाद सर्वांत धीटपणे मांडला तो पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२). २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत आणि चर्चचा अधिकार यांवरून वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. येशूची शिकवण आपण बायबलमधूनच घेऊ, धर्मगुरूंच्या आज्ञेतून नव्हे, ही त्यांची भूमिका होती. जिला शास्त्राधिकार नाकारला गेला त्या स्त्रीने ज्यासाठी धर्म बदलला, तोच अधिकार नव्या धर्मात पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची होती. पुढे रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या धर्मजागृतीत स्त्रिया मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काहींनी ते पवित्र आत्म्याचे कार्य मानले, काहींना तो भावनातिरेक वाटला. दोन्ही बाजूंचा आधार बायबलच होता.

आजच्या कलबुर्गीशीही रमाबाईंच्या घराण्याचा संबंध आहे : तेव्हा निजामी राज्यात असलेल्या या गुलबर्गा शहरात मनोरमाबाईंनी शाळा काढली. बीदर–कलबुर्गी भागात मेथडिस्ट मंडळीचा प्रभाव मोठा आहे. बाप्तिस्म्याबाबतही पंथांत मतभेद आहेत : ही मंडळी तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देते; बॅप्टिस्टांच्या मते मात्र तो समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच द्यावा. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी तर १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्यत्व खुले केले.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर सामान्य स्त्रियांना स्वतः वाचता यावे अशा सोप्या भाषेत आहे. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बाप्तिस्म्याच्या वादात मात्र १९७० मध्ये सहा पंथांतून बनलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा हे दोन्ही ग्राह्य मानले.