उन्हाळ्यात पीव्हीसी पाइप का वाकतो? समजून घ्या प्लास्टिकचं गणित

धरणगाव, चोपडा, एरंडोल पट्ट्यात कापूस आणि केळीला पाणी पोहोचतं ते प्लास्टिकच्या पाइपांमधून. जळगावची तर ओळखच पाइप आणि ठिबकच्या उद्योगामुळे आहे. पण दोन टेकूंवर आडवा ठेवलेला पाइप उन्हाळाभर हळूहळू झुकत जातो. वजन तेवढंच, मग वाक का वाढतो?

स्प्रिंग आणि दट्ट्या

प्लास्टिक थोडं स्प्रिंगसारखं आणि थोडं काकवीसारखं वागतं. ताण दिला की ते लगेच थोडं वाकतं, मग त्यातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या सावकाश सरकत राहतात. या गुणधर्माला 'व्हिस्कोइलॅस्टिसिटी' म्हणतात.

अभियंते त्याचं मॉडेल दोन गोष्टींतून मांडतात: स्प्रिंग आणि तेलात सरकणारा दट्ट्या, म्हणजे बाइकच्या शॉकअपसारखा.

- मॅक्सवेल मॉडेल: दोन्ही एकापुढे एक. ताणून धरलेल्या प्लास्टिकमधला ताण हळूहळू का ओसरतो, ते यातून कळतं.
- केल्विन-फॉइग्ट मॉडेल: दोन्ही शेजारी-शेजारी. कायम वजनाखाली वाक सावकाश का वाढतो, ते यातून कळतं.

खऱ्या प्लास्टिकसाठी अशा अनेक जोड्या एकत्र कराव्या लागतात.

उन्हाचा काय संबंध?

तापमान वाढलं की साखळ्या लवकर सरकतात. म्हणूनच प्रयोगशाळेत जास्त तापमानाला चाचणी घेऊन पुढच्या अनेक वर्षांचा अंदाज बांधता येतो. 'पीई 100' दर्जाच्या पॉलिथिलीन पाइपची ताकद 20 अंश सेल्सिअसला 50 वर्षांसाठी किमान 10 मेगापास्कल धरतात. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा त्याच पाइपवर तेवढाच दाब कायम ठेवणं धोक्याचं ठरतं.

पावडर मिसळली तर?

पीव्हीसीत चुनखडीची बारीक पूड, तर टायरच्या रबरात काजळी मिसळतात. रबरासाठीच्या गुथ-गोल्ड सूत्रानुसार आकारमानाच्या 20 टक्के गोल कण मिसळले, तर कडकपणा साधारण दुप्पट होतो. मात्र पूड प्रमाणाबाहेर गेली की पाइप ठिसूळ होतो आणि धक्क्याने तडकतो.

आणखी एक गोष्ट: चुनखडीची घनता सुमारे 2.7, तर पीव्हीसीची 1.4. म्हणजे पूड जास्त, तेवढा पाइप जड. त्यामुळे हातात जड लागणारा पाइप मजबूत असेलच असं नाही.

लक्षात ठेवा

वजनावर जाऊ नका, आयएसआय मार्क आणि दाबाचा वर्ग पाहा. पाइप सपाट जागेवर, पूर्ण लांबीला आधार देऊन, सावलीत ठेवा.