त्वचेची विद्युत्-संवाहकता
मनावर ताण आला की तळहात व बोटे किंचित ओलसर होतात. तेथील घर्मग्रंथींवर अनुकंपी चेतासंस्थेचे नियंत्रण असते. घामात क्षार असल्यामुळे त्वचेतून वीज अधिक सहजतेने वाहते. दोन बोटांना विद्युत्-अग्रे जोडून, शरीराला जाणवणारही नाही इतका अल्प विद्युत्-दाब दिला की हा बदल मोजता येतो. त्याचे एकक मायक्रोसीमेन्स होय. उद्दीपनानंतर साधारणतः १ ते ३ सेकंदांत आलेख चढू लागतो. फ्रेंच वैद्य शार्ल फेरे यांनी १८८८ मध्ये हा परिणाम नोंदवला. पॉलिग्राफ चाचणीतही श्वसन व रक्तदाबाबरोबर हीच नोंद घेतली जाते.

मात्र या मापनातून उत्तेजनाची तीव्रता कळते, तिचे कारण नव्हे. भीती, आनंद, दचकणे यांचे आलेख सारखेच दिसू शकतात. उष्मा व हालचाल यांमुळेही ते बदलतात. शिवाय चौकशीत निरपराध माणूसही घाबरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीविना पॉलिग्राफ चाचणी घेणे घटनाबाह्य ठरवले. ही नोंद घेणाऱ्या मनगटी उपकरणांवरील ताणाचा आकडाही याच मर्यादा लक्षात घेऊन वाचावा लागतो.