आजोबांच्या हातून सुटलेला गृहपाठ

सातवी फायनल झालेला माणूस एके काळी घरातला विद्वान समजला जाई. त्या परीक्षेच्या जोरावर प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. (आमच्या डिप्लोम्याला आज तेवढा मान नाही, हे जाता जाता.) श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे राज्यभर लागू केला. त्यामुळे शाळा पाहिलेले आजोबा आपल्याकडे बऱ्याच घरांत होते, आणि नातवंडांचा गणिताचा व भाषेचा अभ्यास साहजिकच त्यांच्याकडे असे. हा अधिकार १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत त्यांच्या हातून गेला. तो कसा, हे पाहण्यासारखे आहे.

आधी गणित. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. मणाचे चाळीस शेर. सगळा हिशेब पाव-अर्ध्याचा. म्हणून पाढे नुसते बे ते तीसपर्यंतचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीही संध्याकाळी दिवेलागणीला म्हणावी लागे. साडेतीन आणे शेराचा नऊ शेर गूळ घेतला तर किती झाले? नऊ औट साडेएकतीस, म्हणजे एक रुपया साडेपंधरा आणे. पाटीला हात लावायची गरज नाही. मंगळबाजारातल्या गुजराती दुकानदाराला हेच पाढे येत. आपली औटकी ती त्याचे ‘ऊंठा’. भाषा वेगळी, हिशेब एकच.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे शंभर झाले आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, हे काही केल्या कोणाच्या गळी उतरेना. पाठोपाठ किलो-ग्रॅम आले. दशांश पद्धत सोपी आहे, यात शंका नाही, आणि ती आणली हे योग्यच झाले. पण नातवाच्या वहीत दशांशचिन्ह दिसू लागले आणि औटकी पाठ असलेला माणूस त्या वहीपुढे गप्प बसला.

भाषेचेही तेच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे. त्या परंपरेत वाढलेले आजोबा ‘मीं घरांत पुस्तकें ठेवलीं’ असे चार अनुस्वार देऊन लिहीत. त्यांच्या दृष्टीने हे टिंब उगाच दिलेले नव्हते. ‘मीं’वरचे टिंब कर्ता तृतीयेत आहे हे सांगे, ‘पुस्तकें’वरचे नपुंसकलिंगी अनेकवचन दाखवी. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. आता ‘घरांत’ लिहिले तर एकापेक्षा जास्त घरे, असा अर्थ होतो. म्हणजे आजोबांचे शुद्धलेखन नातवाच्या पेपरात अशुद्ध ठरू लागले! मला स्वतःला हा बदल नाण्यांच्या बदलापेक्षा कठोर वाटतो. जुना पैसा निदान बदलून मिळत होता.

आपल्या बडोद्यात आणखी एक भर पडली. १ मे १९६० ला गुजरात राज्य झाले आणि हळूहळू मराठी घरांतली मुले गुजराती, पुढे इंग्रजी माध्यमाकडे वळली. आता गृहपाठ आजोबांच्या भाषेतही राहिला नाही.

तरी बाजारात जुने अंक टिकून आहेत. भाजीवाली आजही ‘पोणा बसो’ म्हणते, आणि आपल्या आजीला ते पावणेदोनशे म्हणून लगेच कळते. इंग्रजी शाळेतला सातवीचा मुलगा मात्र तिथेच थबकतो आणि आजीला विचारतो, ‘म्हणजे किती?’ आजी सांगते, ‘एकशे पंचाहत्तर.’ पिशवीतून सुटे मोजून देण्याचे कामही मग तिच्याकडेच येते.