सयामातली तापीमाय

थायलंडच्या दक्षिणेला समुई नावाचं बेट आहे. हल्ली आपल्याकडची बरीच मंडळी तिथे सहलीला जातात. हे बेट ज्या प्रांतात येतं त्याचं नाव सुरात थानी, आणि त्या प्रांताच्या मुख्य शहरावरून वाहत जाऊन समुद्राला मिळणाऱ्या नदीचं नाव तापी. नकाशात हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असंच वाटलं. चूक नव्हती. ती तापी आपल्याच तापीच्या नावावरून ठेवलेली आहे. तीच तापी, जी शहादा तालुक्यात प्रकाशाच्या घाटाला लागून वाहते, जिच्यात आपल्या बायाबापड्या द्रोणात कणकेचा दिवा ठेवून सोडतात आणि तो वळणाआड जाईपर्यंत हात जोडून उभ्या राहतात.

नामकरणाची तारीख पक्की आहे : २९ जुलै १९१५. नाव देणारा सयामचा राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम. त्याआधी नदीला तिकडे ‘लुआंग’ म्हणत. खाओ लुआंग डोंगरात उगम पावून उत्तरेकडे साधारण २३० किलोमीटर वाहत जाणारी नदी. आपली तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईला, म्हणजे मूळ तापीला, निघते आणि पश्चिमेकडे ७२४ किलोमीटर जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. लांबी जुळत नाही, दिशा जुळत नाही. जुळतं ते एवढंच, की मुखाजवळ एक शहर आहे. त्या शहराचं नावही राजाने त्याच सुमारास बदलून सुरात थानी केलं होतं. शहर सुरत झालं, मग त्याच्या नदीने तापी व्हायला नको का?

इथवरची हकिकत सोपी आहे. माझं कुतूहल पुढचं आहे. राजाला ही नावं सापडली कुठे?

पहिला तर्क व्यापाराचा. सुरतेचे बोहरी व्यापारी एकोणिसाव्या शतकात बँकॉकमध्ये कापडाचा धंदा करत होते, त्यांच्यामुळे सुरतेचं नाव तिकडे परिचयाचं झालं असेल. शक्य आहे. पण व्यापारी गावाचं नाव सांगतो, नदीचं कशाला सांगेल? आणि बँकॉकच्या बाजारातलं नाव राजाने दूर दक्षिणेतल्या गावाला का चिकटवावं? मला हा तर्क पटत नाही.

दुसरा तर्क नकाशाचा. राजा इंग्लंडात शिकलेला, इंग्रजी नकाशे त्याच्या हाताखालचे. मुखाशी शहर असलेली नदी त्याने हिंदुस्थानच्या नकाशात पाहिली आणि शहर-नदीची जोडीच उचलली. जोडी उचलली हे मान्य. पण इंग्रजांच्या कागदोपत्री तेव्हा सर्रास ‘ताप्ती’ चाले. राजाने लिहिलं तापी. मधला ‘त’ कुठे गेला?

इथे थाई लेखनाकडे जरा बारकाईने बघावं लागतं. थाई लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, आणि संस्कृत-पाली शब्दांचे हिज्जे तिथे फार निष्ठेने जपतात. मात्र जे शब्द शतकानुशतकं तोंडात घोळले त्यांचा उच्चार मऊ पडला आहे. आपल्या ‘तारा’ची तिकडे ‘दारा’ झाली, ‘पुण्य’चं ‘बुन’ झालं. ही नदी त्या मुशीतून आली असती तर ‘दाबी’ व्हायला हवी होती. (अपवाद पुष्कळ आहेत, हे कबूल.) पण तिचा त शाबूत, प शाबूत, दीर्घ ईकारही शाबूत. म्हणजे नाव तोंडातून आलेलं नाही, पोथीतून किंवा शब्दकोशातून अक्षर न् अक्षर उतरवलेलं आहे. संस्कृतात या नदीला ‘तापी’च म्हणतात.

आणि हा राजा पोथीतलाच होता. त्याने शकुंतलेवर नाटक लिहिलं, सावित्रीवर लिहिलं. सयामात १९१३ साली आडनावांचा कायदा आला तेव्हा त्याने सहा हजारांहून अधिक घराण्यांना स्वतः आडनावं घडवून दिली, त्यांतली पुष्कळशी संस्कृत-पाली घडणीची. नाव ठेवणं हे त्याचं व्रतच होतं. महाभारताच्या आदिपर्वात एक गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन चकित होतो : आम्ही तर कुंतीचे, तापत्य कसे? मग गंधर्व सांगतो, सूर्याची मुलगी तपती, तिचं लग्न संवरण राजाशी झालं, त्यांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव-पांडव सगळे तपतीच्या वंशातले. ही तपती म्हणजेच आपली तापी, असं आपल्याकडे मानतात. आणि तिथेच सांगितलं आहे की तपती ही सावित्रीची धाकटी बहीण; अर्थात ही सावित्री सूर्याची मुलगी, सत्यवानाची सावित्री वेगळी. पण महाभारतातल्या शकुंतला-सावित्रीच्या कथांत रमलेला माणूस त्याच ग्रंथातल्या तपतीपर्यंत पोचला नसेल, हे मला खरं वाटत नाही.

शहराच्या नावात तर याहून मोठी गंमत आहे. ‘थानी’ म्हणजे आपलं ठाणं नव्हे, ती राजधानीतली ‘धानी’. लिहितात ध, म्हणतात थ. आणि ‘सुरात’ हा निव्वळ उच्चार. लिहिताना त्यात राष्ट्र शब्दाचा अख्खा सांगाडा येतो : ष, त्यापुढे टवर्गाचं अक्षर, मग न उच्चारला जाणारा र. म्हणजे कागदावर ‘सुराष्ट्रधानी’, चांगल्या लोकांची नगरी. राजाने सुरतेचं मूळ सुराष्ट्रात बघितलं.

ते बरोबर आहे का? सुरतेच्या नावाबद्दल आपल्याकडेच एकमत नाही. कोणी सूर्यपूर म्हणतात. दुसरी एक आख्यायिका गोपी नावाच्या धनिकाची आहे : ज्योतिषांनी सुचवलेलं सूर्याचं नाव त्याने सुलतानाकडे पाठवलं, आणि सुलतानाने ते जरासं फिरवून कुराणातल्या ‘सूरह’सारखं केलं. तिसरा पक्ष सुराष्ट्राचा. पण सुराष्ट्र हे जुनं नाव खाडीपलीकडच्या काठेवाडचं, आणि लोकांच्या तोंडी त्याचं झालं ‘सोरठ’. ष्ट्रचा ठ होणं भाषेच्या नियमाला धरून आहे. त्याच शब्दाचं खाडीअलीकडे ‘सुरत’ कसं झालं, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. थाई बोलीत मात्र राष्ट्रचा ‘रात’ सहज होतो. तेव्हा माझा निर्णय असा : राजाला जागा नकाशाने दाखवली, हिज्जे संस्कृताने पुरवले, आणि सुरतेची जी व्युत्पत्ती सुरतेत जमत नाही ती सयामात चपखल बसली.

असं नाव उचलून आणणं खानदेशी माणसाला परकं वाटू नये. प्रकाशाला आपण दक्षिणकाशी म्हणतो. काशीला जाऊन आलेला माणूस इथे येऊन उत्तरपूजा करतो, तेव्हा कुठे त्याची यात्रा पुरी होते. हजारभर किलोमीटरवरची काशी आपण गोमाई-तापीच्या संगमावर आणून बसवली. वजिरावुधाने तीच तापी आणखी पुढे नेली, समुद्रापलीकडे.

तापीचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमीला साजरा होतो. २९ जुलै १९१५ हा दिवसही आषाढातलाच, वद्य पक्षातला. यात योगायोगापलीकडे काही शोधू नये. पण समुईला जाणार असाल तर एक मुक्काम सुरात थानीत करा, संध्याकाळी नदीकाठी जा, आणि तिथल्या एखाद्याला नदीचं नाव विचारा.