मेधा आणि मज्दा

अवेस्तेतील एका शब्दाची कुळकथा ठाण्याच्या खोपटात सांगावी, याचे श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु हा शब्द आपल्या शेजारीच दगडावर कोरलेला आहे. ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले, त्याच बेटावर कान्हेरीची लेणी आहेत. तेथील 90 क्रमांकाच्या लेण्यात झरथुष्ट्री प्रवाशांचे पहलवी लेख आहेत. ते इ.स. 1009 मध्ये आले, तेव्हा ठाण्यास शिलाहारांचे राज्य होते. एका लेखाची मिती येज्दगर्दी वर्ष 378, महिना मेहेर, रोज ओहरमज्द अशी आहे. पारशी बांधव आजही महिन्याच्या पहिल्या दिवसास होरमज्द रोज म्हणतात.

हे नाव मूळचे 'अहुर मज्दा'. अहुर म्हणजे स्वामी. संस्कृतातील 'असुर' तोच. मज्दा म्हणजे आपली मेधा. मूळच्या 'अज्'पुढे द किंवा ध आला, की संस्कृतात त्याचा 'ए' होतो. अवेस्तेतील 'नज्दिश्त' म्हणजे 'सर्वांत जवळचा', तो संस्कृतात 'नेदिष्ठ' आहे. त्याच कुळातील फारसी 'नज्दीक' आपल्याकडे येऊन 'नजीक' झाला. तो तर आपण रोज बोलतो!

मज्दा शब्दात दोन अवयव आहेत: मन, आणि 'धा' म्हणजे ठेवणे. आपण 'मन लावणे' म्हणतो, तसेच हे. पण येथे व्याकरण एक पेच घालते. मेधा स्त्रीलिंगी, तिची षष्ठी 'मेधायाः'. देवाचे नाव मज्दा मात्र पुल्लिंगी, आणि त्याची षष्ठी 'मज्दाओ', म्हणजे धातूवरून थेट बनलेल्या नामांसारखी. म्हणून कोणी त्याचा अर्थ 'प्रज्ञा' करतात, कोणी 'प्राज्ञ'. षष्ठीचे रूप पाहता आम्हांस 'मन ठेवणारा' हाच अर्थ सयुक्तिक वाटतो.

गाथांत अहुर आणि मज्दा हे शब्द सुटे येतात, पुष्कळदा उलट क्रमानेही, आणि दोन्हींस विभक्ती लागते. इ.स.पू. 520 च्या सुमारास दारयवहूने बेहिस्तून येथे लेख कोरविला, त्यात 'अउरमज्दा' हे एकच नाव झाले आहे. पहलवीत त्याचे 'ओहरमज्द' झाले, आणि जोड ओळखू येईनाशी झाली.

एका घरातून निघालेल्या या दोन समाजांत पुढे शब्द फिरले. आपल्याकडे असुर राक्षस ठरला, तिकडे 'दएव' दुष्ट ठरला. मेधेला मात्र दोघांनीही टाकले नाही. तिकडे ती देवाच्या नावात राहिली, इकडे ती मागण्यासाठी ऋषींनी देवांची प्रार्थना केली. ज्या शब्दांवरून दुरावा पडला तेवढेच ध्यानात ठेवून चालणार नाही. जो शब्द दोघांनी जपला, तोही इतिहासाचाच पुरावा आहे.